शिक्क्याच्या पेटीची कुळकथा

लेटरबॉक्सिंग हा पायी भटकंतीचा छंद आहे. माळरानात किंवा खडकांच्या कपारीत लपवलेली पेटी खुणांवरून शोधायची, तिच्यातला रबरी शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का पेटीतल्या वहीत उमटवायचा आणि पेटी होती तशी पुन्हा लपवून ठेवायची, एवढाच त्याचा विधी. त्याचे माहेर म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्येचे डार्टमूर. डेव्हन परगण्यातले हे उंच पठार ओलसर आणि उजाड आहे. जागोजागी ग्रॅनाइटचे सुळके उभे आहेत आणि मधल्या सखल भागात पाय रुतवणारी दलदल आहे.

जेम्स पेरट हा चॅगफर्ड गावचा वाटाड्या हौशी प्रवाशांना पठारावर हिंडवून आणत असे. उत्तर भागातले क्रॅनमिअर पूल हे ठिकाण तेव्हा अतिशय अवघड मानले जाई. नावातल्या इंग्रजी ‘पूल’चा अर्थ तळे असला तरी तिथे पाणी साचत नाही. सगळीकडे काळी, कुजकट दलदलीची माती आणि त्यात पडलेल्या घळी. तिथवर रस्ता नव्हता, वाटही धड नव्हती. १८५४ मध्ये पेरटने तिथे दगडांची छोटी रास रचली आणि तिच्यात काचेची बाटली ठेवली. तिथे पोचणाऱ्याने आपल्या नावाचे कार्ड बाटलीत टाकायचे. इतक्या दूर चिखल तुडवत आलेल्या माणसाला आल्याची काही खूण मागे ठेवावीशी वाटते, हे त्या वाटाड्याने बरोबर ओळखले होते.

पुढे बाटलीची जागा पत्र्याच्या डब्याने घेतली. लोक स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून पोस्टकार्डे डब्यात ठेवू लागले. नंतर येणाऱ्याने ती उचलायची आणि परतल्यावर टपालात टाकायची. आपले कार्ड किती दिवसांनी आणि कुठल्या गावचा छाप घेऊन घरी येते, याची उत्सुकता असे. छंदाला ‘लेटरबॉक्सिंग’ हे नाव या टपालामुळेच मिळाले. १९०५ मध्ये तिथे सह्यांची वही आली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत शिक्काही आला. टपाल खात्याचा छाप दूरच्या गावात बसे. हा छाप मात्र पठारावर, त्याच जागी बसू लागला. आजचा शिक्क्यांचा छंद खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला.

१९३७ मध्ये ‘वेस्टर्न मॉर्निंग न्यूज’ या वृत्तपत्राच्या वाचकांच्या वर्गणीतून क्रॅनमिअरला दगडी पेटी बांधली गेली. पुढच्याच वर्षी दक्षिण डार्टमूरमध्ये डक्स पूल येथे विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ पेटी बसली. क्रॉसिंग यांनी हे पठार आयुष्यभर पायांखाली घातले आणि १९०९ साली त्याची मार्गदर्शिका लिहिली. तरीही बराच काळ पेट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. १९७० च्या दशकात मात्र त्या झपाट्याने वाढल्या आणि पुढे हजारांत गेल्या. शंभर शिक्के जमवणाऱ्यांचा ‘हंड्रेड क्लब’ झाला, खुणांच्या याद्या निघाल्या. एप्रिल १९९८ मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात आलेल्या लेखामुळे छंद अमेरिकेत पसरला. मे २००० मध्ये उपग्रहांचे अचूक संकेत सर्वांना खुले झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच ओरेगनमध्ये जिओकॅशिंग हा लपवलेले डबे शोधण्याचा खेळ सुरू झाला. तो याच कुळातला आहे. त्यात होकायंत्राऐवजी यंत्रावरचे आकडे वाट दाखवतात.

आपल्याकडे खानदेशात अशा पेट्या नाहीत. पण लांब जाऊन तिथे आपली नोंद ठेवण्याची ओढ या मुलखाला फार जुनी आहे, आणि तिची तीन रूपे इथल्या माणसाला जवळून माहीत आहेत. त्यांतले एक वाईट आहे. जळगावहून साधारण साठ किलोमीटरवर, खानदेशाच्या दक्षिण सीमेला लागून अजिंठ्याची लेणी आहेत. शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ २८ एप्रिल १८१९ रोजी तिथे पोचला. दहाव्या लेण्यात त्याने बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपले नाव, आपली घोडदळाची पलटण आणि तारीख कोरली. लेण्यात तेव्हा मातीचा आणि दगडगोट्यांचा थर साचला होता आणि तो त्यावर उभा होता. म्हणून ती अक्षरे आज डोक्याच्या वर दिसतात. पेरटची बाटली यानंतर पस्तीस वर्षांनी आली. ओढ दोघांची एकच, पण एकाने जे पाहायला आला त्यालाच ओरखडा काढला आणि दुसऱ्याने नावासाठी वेगळी जागा केली. लेटरबॉक्सिंगची सगळी थोरवी या फरकात आहे.

दुसरे रूप तीर्थोपाध्यायांच्या नामावळीचे. पारोळ्याचा किंवा साक्रीचा माणूस नाशिकला, त्र्यंबकेश्वरला श्राद्धविधीसाठी गेला की उपाध्याय आधी गाव, आडनाव आणि जात विचारतात. मग बासनातून त्या गावाची लांबट वही निघते. पाने उलटता उलटता आजोबांची सही सापडते. त्याच्याही मागे गेले तर मोडीतली नोंद, कुठे नुसताच अंगठा. कोण आले, बरोबर कोण होते, कोणाचे विधी केले, मुलगे किती, हे सारे तिथे असते. आलेला माणूस त्याखाली आपली नोंद लिहून सही करतो. काशी, गया, प्रयाग, हरिद्वार येथेही हीच पद्धत आहे. वारसाच्या वादात अशा नोंदी न्यायालयापुढेही गेल्या आहेत. या व्यवस्थेत क्षेत्र माणसाची आठवण ठेवते. माणसाने घरी न्यावी अशी खूण मात्र वही देत नाही.

तिसरे रूप नेमके उलटे. नर्मदेला पायी प्रदक्षिणा घालणारे परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवून चालतात. झोळीत एक वही असते. मुक्कामाच्या आश्रमात, मंदिरात किंवा ग्रामपंचायतीत ते तिच्यावर शिक्का आणि तारीख मागून घेतात. पुढच्या गावी अन्न व आसरा मागताना ही वही ओळखपत्रासारखी कामी येते आणि परिक्रमा पुरी झाल्याचा पुरावाही होते. जुना काठाचा मार्ग शूलपाणीच्या झाडीतून, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर कडेने जातो. हे तालुके १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यात होते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली काठ गेल्यावर बरेच परिक्रमावासी खेतिया, शहादा आणि तापीकाठचे प्रकाशा अशा रस्त्याने जाऊ लागले. त्यामुळे शिक्का मागणारा पांढऱ्या वस्त्रातला पाहुणा खानदेशाच्या सपाटीवरच्या गावांनाही ओळखीचा झाला. स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेवरचे यात्रेकरू आणि जपानमधल्या शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची फेरी करणारे भाविकही अशीच वही बाळगतात.

नामावळीत जागेकडे नोंद राहते, परिक्रमेच्या वहीत माणसाकडे. डार्टमूरच्या पेटीने दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या आणि त्यात उपाध्याय, आश्रम किंवा कार्यालय काहीच ठेवले नाही. पेटीपाशी कोणी नसते. शिक्का प्रामाणिकपणे उमटवायचा आणि डबा कोरडा ठेवून झाकायचा, ही जबाबदारी अनोळखी माणसांनी एकमेकांवर टाकलेली आहे. शतकाहून अधिक काळ ती पाळली जाते आहे, ही या छंदातली सर्वांत आदर वाटावी अशी गोष्ट आहे.

जळगाव-धुळ्याकडून हा अनुभव घ्यायला जाणाऱ्याला मुंबईहून लंडन गाठावे लागते. पुढे पॅडिंग्टन स्थानकातून रेल्वेने एक्सेटर आणि तिथून ओकहॅम्प्टन. या शेवटच्या फाट्यावरची नियमित प्रवासी सेवा नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्यामुळे पठाराच्या पायथ्यापर्यंत गाडीने पोचता येते. क्रॅनमिअर पूल लष्कराच्या गोळीबार क्षेत्रात आहे. गोळीबाराच्या तारखा आधी जाहीर होतात आणि त्या दिवशी टेकड्यांवर लाल निशाणे लावतात. निशाण दिसले की आत जायचे नाही. धुके मिनिटाभरात उतरते, म्हणून नकाशा आणि होकायंत्र वापरता येणे आवश्यक असते. नवख्याने सुरुवात नकाशावर दाखवलेल्या क्रॅनमिअर किंवा डक्स पूलच्या पेटीपासून करावी. बाकीच्या पेट्यांच्या खुणा अमुक सुळका इतक्या अंशांवर, तमुक खडकापासून इतकी पावले, अशा भाषेत असतात.

सोबत न्यायचे सामान थोडे आहे: कोऱ्या पानांची वही, शाईची गादी आणि स्वतःचा शिक्का. तो विकत घेण्यापेक्षा खोडरबरावर कोरून करण्याची रीत जास्त मानाची आहे. अक्षरे आणि आकृती उलटी कोरली की सुलटी उमटते. पेटीसाठी प्राचीन दगडी अवशेष, भिंती किंवा दगडांच्या राशी हलवायच्या नाहीत, सिमेंट वापरायचे नाही आणि धोक्याच्या जागी पेटी ठेवायची नाही, असे संकेत आहेत. पेटी उघडल्यावर आधी आतली वही कोरडी आहे का ते पाहतात, मग दोन्ही शिक्के उमटवतात, तारीख व गाव लिहितात आणि झाकण घट्ट लावून दगड पूर्वीसारखा बसवतात.