धेंपोची पडझड आणि आम्ही साळगावकरवाले

सिल्वासाच्या मंडळाच्या पत्रिकेत फुटबॉलवर लिहावे, हे थोडे धाडसाचेच आहे. आपल्या मराठी घरांत क्रिकेटचे गुणगान चालते. परंतु गोवा शासनाच्या सेवेत आमची उमेदीची वर्षे गेली आणि तेथे राहून फुटबॉलपासून अलिप्त राहणे कोणाला जमलेले आम्ही पाहिले नाही. नगर हवेली व गोवा ही एकाच पोर्तुगीज राज्याची अंगे. आपण १९५४ मध्ये सुटलो, गोवा १९६१ मध्ये. त्यामुळे तेथला फुटबॉल हा पोर्तुगिजांचा वारसा, असा समज येथे आढळतो. वस्तुतः गोव्यात हा खेळ रुजवण्याचे श्रेय विल्यम लायन्स या इंग्रज पाद्र्याला दिले जाते. १८८३ साली शिवोलीला त्याने मुलांच्या पायात चेंडू दिला.

पुढे या खेळाला पोसले ते खाणमालकांनी. लोहखनिज परदेशी जाऊ लागले, मांडवी-जुवारीतून बार्जेस धावू लागल्या आणि खाणीच्या पैशातून संघ उभे राहिले. वास्कोचा साळगावकर संघ १९५६ चा, धेंपो १९६८ चा. स्वतः खाणमालक असलेले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या क्रीडाप्रेमाविषयी तर गोव्यात वेगळे सांगावे लागत नाही. खेळाडूला नोकरी, घराला आधार आणि मालकाला प्रतिष्ठा, असा हा व्यवहार होता. त्यात भाबडेपणा नव्हता, पण आपुलकी होती.

आम्ही साळगावकरवाले. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक ज्या संघात खेळला, त्याची बाजू घेण्यास आणखी कारण कशाला हवे? १९८८ साली फेडरेशन चषक जिंकणारा गोव्याचा पहिला संघ आमचाच. १९९८-९९ ची राष्ट्रीय लीगही प्रथम आम्हीच गोव्यात आणली. त्या विजयातील ब्रुनो कुतिन्होची चपळाई आजही डोळ्यांपुढे आहे.

आणि मग धेंपोचा काळ सुरू झाला. आर्मांदो कुलासो या गोमंतकीय प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांनी २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत पाच वेळा देशाचे विजेतेपद पटकावले. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही सारी गोव्याची मुले. जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, ज्याने २०११-१२ च्या एकाच लीगमध्ये ३२ गोल केले. २००८ मध्ये हा संघ आशियाई पातळीवर एएफसी चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत गेला. यात आमची एक विचित्र कुचंबणा होई. सकाळी दारात पडणारी 'नवप्रभा' धेंपो घराण्याच्याच समूहाची. प्रतिस्पर्ध्याच्या विजयाची वार्ता प्रतिस्पर्ध्याच्याच छापखान्यातून वाचायची आणि वर चहाही गार होऊ द्यायचा!

आमच्या कार्यालयात डिचोलीचे एक सहकारी होते, कट्टर धेंपोवाले. २०१०-११ ची लीग आम्ही जिंकली, तेव्हा त्यांच्या टेबलावर मुद्दाम पेढे नेऊन ठेवले. त्यांनी एक उचलला आणि पुढच्या हंगामात सव्याज परतफेड केली. श्रीमंताघरचा संघ एकदा तरी धुळीला मिळावा, असे त्या दिवसांत आम्ही मनोमन इच्छिले, हे कबूल केले पाहिजे.

ती इच्छा २०१४-१५ च्या हंगामाअखेर पुरी झाली. पाच वेळचा विजेता खालच्या श्रेणीत घसरला. बाजारात लोक एका वाक्यात निदान करीत: खाणी बंद पडल्या, पैसा आटला. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने खाणी थांबवल्या व ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, हे खरेच. पण धेंपोंच्या बाबतीत हे निदान आम्हांस पटत नाही. त्यांनी आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच सुमारे १,७५० कोटी रुपयांना सेसा गोवाला विकला होता. झळ बसायची तर ती आमच्या साळगावकरांना अधिक. धेंपोची घडी विस्कटली ती माणसांनी. रँटी २०१२ मध्ये गेला, आर्मांदो २०१३ मध्ये. एका पिढीचे पाय थकले आणि जागा भरली गेली नाही. पैसा असूनही संघ पडतो, हे आम्ही तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

त्यातच २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. एफसी गोवा या नव्या संघाच्या प्रारंभीच्या मालकांत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर ही दोन्ही नावे शेजारी-शेजारी होती! फातोर्ड्याच्या ज्या पायऱ्यांवर आम्ही एकमेकांवर ओरडत बसलो, तेथेच दोन्ही घराणी एका रंगाखाली आली. आम्हांस ते स्वागतार्हही वाटले आणि थोडे फसवल्यासारखेही.

धेंपो घसरल्याची बातमी आली, त्या दिवशी आम्ही पुन्हा पेढे घ्यावयास निघालो होतो. जिन्यात तेच गृहस्थ भेटले. आमच्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखले असावे. म्हणाले, "आतां तुमी हरयतले कोणाक?" आम्ही दुकानापर्यंत गेलो नाही.

धेंपोने वर्षभरात दुसरी श्रेणी जिंकून दाखवली. पण २०१६ मध्ये महासंघाने आराखडा मांडला, त्यात सुपर लीग वर आणि आय-लीग तिच्याखाली. कितीही जिंकले तरी वरचे दार बंद. जूनमध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी निषेधार्थ माघार घेतली, पुढे धेंपोनेही. राष्ट्रीय लीग गोव्यात प्रथम आणणारा आमचा संघ राज्याच्या लीगपुरता उरला. मैदानावर हरून नव्हे, म्हणून ते अधिक सलले. आमचा संघ बाहेर पडल्याचे कळले, त्या सायंकाळी डिचोलीकर आमच्या खोलीत आले. पेढे आणण्याचा हक्क आता त्यांचा होता. ते रिकाम्या हाती आले, चहा घेतला, निवृत्तिवेतनाच्या नव्या परिपत्रकाविषयी बोलले आणि गेले.

निवृत्तीनंतर आम्ही सिल्वासाला परतलो. २०२४ मध्ये धेंपो संघ दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन आय-लीगमध्ये पुन्हा दाखल झाल्याचे वाचले, तेव्हा डिचोलीला दूरध्वनी केला. अभिनंदन केले, मनापासून केले. पलीकडून क्षणभर काही ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, "आनी साळगावकर केन्ना येतले?"