भाव मोंढ्यात पडतो, दोष ब्राझीलला का?

लातूर-नांदेडच्या मोंढ्यात आणि आपल्याकडच्या जाणत्या मंडळींतही एक मत पक्के बसले आहे: विकसनशील देशांची एकजूट हा परिषदांपुरता देखावा आहे. हे देश मुळात एकमेकांचे स्पर्धक, आणि त्यांच्या मैत्रीची किंमत आपला शेतकरी मोजतो. ही बाजू लंगडी नाही, म्हणून आधी ती पुरती मांडतो.

२०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता. लातूरच्या सौद्यात त्याहून बराच कमी मिळाला. खरेदी केंद्रावर मूठभर दाणे यंत्रात घालायचे, ओलावा बारा टक्क्यांच्या वर दिसला की कट्टे माघारी. पंधरा टक्के ओलाव्यापर्यंतची सवलत आली ती नोव्हेंबरात. त्याच काळात ब्राझील-अर्जेंटिनाचे सोयातेल आपल्या बंदरांत उतरत होते. मोझांबिकशी तूर आयातीचा करार २०१६ चा; त्याच हंगामात पीक भरघोस आले आणि तूर ५०५० च्या हमीभावाखाली घसरली. साखरेवरून तर ब्राझीलने २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध दाद मागितली आणि २०२१ चा निवाडा आपल्या विरोधात गेला. मांजराकाठच्या ऊसकऱ्याला हे खुपणारच.

पुरावे खरे आहेत. निष्कर्ष चुकीचा आहे.

सोयातेलावरचे आयातशुल्क कोण ठरवते? व्यापार संघटनेत भारताने त्यासाठी मान्य केलेली कमाल मर्यादा ४५ टक्के आहे. कच्च्या सोयातेलावरचे एकूण शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २७.५ टक्के झाले, मे २०२५ मध्ये १६.५ वर आणले गेले. दोन्ही निर्णय दिल्लीचे. तुरीची शुल्कमुक्त आयात मुदतीमागून मुदत वाढवत नेली, तीही दिल्लीनेच. यात ब्राझीलची किंवा मोझांबिकची सही कुठे आहे?

उरला साखरेचा वाद. ब्राझीलबरोबर तक्रारदार ऑस्ट्रेलियाही होता, हे सहसा कोणी सांगत नाही. शिवाय भांडण झाले म्हणून एकजूट खोटी ठरते का? विमानांच्या अनुदानावरून अमेरिका आणि युरोप याच संघटनेत २००४ पासून सतरा वर्षे भांडले. त्यांची आघाडी देखावा आहे असे कोणी म्हटले नाही.

आता कापूस घ्या. ‘नांदेड-४४’ या वाणाने ज्या जिल्ह्याचे नाव कापूसपट्ट्यात नेले, तिथल्या शेतकऱ्याने हे प्रकरण माहीत करून घ्यावे. अमेरिकेच्या अनुदानांमुळे कापसाचा जागतिक भाव दबतो, ही तक्रार घेऊन २००२ मध्ये ब्राझील उभा राहिला; भारत त्या खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून सामील होता. २००५ मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला. पुढे अमेरिकेने तडजोडीत दिलेले पैसे ब्राझीलच्या उत्पादकांना मिळाले, आपल्याला नाही, हे मान्य. पण श्रीमंत देशाचे अनुदान बेकायदा ठरू शकते हे सिद्ध झाले, आणि ते सिद्ध केले एका विकसनशील देशाने.

२००३ मध्ये कानकूनला अमेरिका-युरोपचा संयुक्त शेती मसुदा पुढे आला, तेव्हा भारत, ब्राझील, चीन आणि दक्षिण आफ्रिका एकत्र आले आणि तो मसुदा पार झाला नाही. त्याहून मोठा प्रश्न हमीभावाचा. व्यापार संघटनेच्या हिशेबात हमीभावाची तुलना १९८६-८८ च्या स्थिर भावाशी होते. एवढ्या जुन्या आकड्यावर मोजले की आधार फुगून दिसतो आणि उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. विकसनशील देशांच्या जी-३३ या गटाने हा प्रश्न लावून धरला, म्हणून २०१३ मध्ये बालीत सरकारी धान्यसाठ्याला तात्पुरते संरक्षण मिळाले. कायमचा तोडगा निघेपर्यंत ते चालू राहील, हे २०१४ मध्ये ठरले. भारताने तांदळासाठी ते वापरलेही. कायमचा तोडगा अजून निघालेला नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण तो अडवणाऱ्यांत आघाडीवर कोण आहे?

नोव्हेंबर २०१८ मध्ये भारताच्या कापसाच्या हमीभावावर जिनिव्हात, व्यापार संघटनेच्या मुख्यालयात, लेखी बोट ठेवले ते अमेरिकेने. फेब्रुवारी २०१९ मध्ये तुरीसह पाच डाळींच्या हमीभावावर ठेवले ते अमेरिका आणि कॅनडाने. नांदेडचा कापूस आणि लातूरची तूर, दोन्ही त्या कागदांत आली. ज्यांना विकसनशील देशांची सोबत नकोशी वाटते, त्यांनी या दोन कागदांना एकट्या भारताने कोणाच्या बळावर उत्तर द्यायचे, तेवढे वाचकांपुढे मांडावे.