नदीकाठची आपली पायवाट

सोसायटीच्या मागच्या गेटातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत मुठेचा काठ लागतो. विठ्ठलवाडीच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचं, हा आपल्यापैकी कित्येकांचा पंचवीस वर्षांचा नेम आहे. वाटेत गुडघेदुखीपासून मेंटेनन्सपर्यंत सगळे विषय होतात, नदीचा तेवढा होत नाही. म्हणून हे चार शब्द.

ही वाट एरवी कोरडी राहते ती धरणामुळे. फाइफ या इंग्रज इंजिनियरच्या योजनेतून खडकवासल्याचं दगडी धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालं आणि पाणी कालव्यांनी शेतीला व शहराकडे वळलं. पुणेकर नदीला जरा विसरले म्हणा ना!

मग १२ जुलै १९६१. पानशेत धरणाचं काम अजून अपुरं होतं. रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचली, पण सकाळी बांध फुटला आणि दुपारपर्यंत खडकवासलाही फुटलं. नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. वर गंमत अशी की, पूर ओसरल्यावर नळाला पाणी नाही, कारण शहराचं पाणी खडकवासल्याचंच! बेघरांसाठी पुढे सहकारनगर वसलं, ते पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्थांमधून. म्हणजे पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांची जन्मदात्री ही नदीच.

आता कबुली. बँकेत असताना सिंहगड रस्त्यावरच्या घरांची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावरून गेली. टायटल सर्च, एनए ऑर्डर, मंजूर नकाशा, सगळं काटेकोर तपासलं. पूररेषा कुठे आहे, हे एकदाही विचारलं नाही. स्वतःचा फ्लॅट घेतानाही नाही. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या, हे मला निवृत्तीनंतर समजलं.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. एकतानगरीत लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. आपल्याकडे पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलं आणि तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून पोरांनी वर नेलं.

त्या पाण्याची खूण मागच्या भिंतीवर होती. यंदा रंगकाम निघालं तेव्हा कमिटीशी थोडी हुज्जत घालून तेवढा पट्टा तसाच ठेवायला लावला. फिरायला निघताना उजव्या हाताला दिसतो.