खांद्यावरचा ब्रोच की कमरेची गाठ? मध्ययुगीन दख्खनचा पोशाख कशाने सावरला जाई

१/ शिवजयंतीची मिरवणूक असो, ऐतिहासिक नाटक असो वा महाविद्यालयातील वेशभूषा स्पर्धा. सरदाराच्या खांद्यावरून पाठीवर रुळणारा भरजरी शेला आणि तो अडकवून ठेवणारा चकाकता धातूचा ब्रोच हे दृश्य आता सवयीचे झाले आहे. हा ब्रोच मध्ययुगीन दख्खनचा आहे काय? नसेल तर तो कुठून आला, आणि त्याचे काम आपल्याकडे कोण करीत असे? या धाग्यात त्याचाच शोध.

२/ ब्रोच हा मुळात दागिना नव्हे, ती एक सोय होती. न शिवलेले जाड लोकरी वस्त्र अंगावर टिकावे म्हणून युरोपात कांस्ययुगापासून ‘फिब्युला’ नावाची टाचणी वापरात आली. तारेला पीळ देऊन स्प्रिंग करायची, एक टोक अणकुचीदार ठेवायचे आणि ते दुसऱ्या बाजूच्या खोबणीत अडकवायचे. वॉल्टर हंट याने अमेरिकेत १८४९ साली ज्या सेफ्टी पिनचे पेटंट घेतले, तिचे तत्त्व हेच.

३/ इटलीतील राव्हेन्ना येथे सान व्हिताले हे चर्च इ.स. ५४७ मध्ये पूर्ण झाले. तेथील कुट्टिमचित्रात सम्राट जस्टिनियन जांभळ्या प्रावरणात उभा आहे आणि ते प्रावरण त्याच्या उजव्या खांद्यावर रत्नजडित ब्रोचने जोडलेले आहे. उजवाच खांदा का? उघडी बाजू उजवीकडे ठेवली की शस्त्राचा हात मोकळा राहतो. शेजारच्या अधिकाऱ्यांचे ब्रोच मात्र साधे आहेत. अडकवण एकच, पण तिच्यावरून दर्जा कळतो.

४/ आयर्लंडमध्ये १८५० साली सापडलेला ‘तारा ब्रोच’ इ.स. ७०० च्या सुमाराचा. चांदीवर सोन्याचा मुलामा, तारकाम, अंबर आणि काच यांनी तो इतका नटला आहे की त्याचे मूळ काम विसरायला व्हावे. व्हायकिंग स्त्रिया झग्याचे पट्टे छातीवर दोन लंबगोल ब्रोचनी अडकवीत. त्यांना पोशाखासह पुरण्याची रीत असल्याने कापड कुजले तरी ब्रोच उरले आणि संशोधकांच्या हाती लागले. हा मुद्दा लक्षात ठेवावा; पुढे तो कामी येणार आहे.

५/ ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने एक भीषण कथा नोंदवली आहे. एजायना बेटावरील मोहिमेतून अथेन्सचा एकच सैनिक जिवंत परतला. मृतांच्या पत्नींनी त्याला घेरले आणि ‘आमचा नवरा कुठे?’ असे विचारत पोशाखाच्या टाचण्यांनी भोसकून ठार केले. त्यानंतर अथेन्सने स्त्रियांचा पेहरावच बदलला आणि टाचणी न लागणारा तागाचा अंगरखा आणला, असे तो सांगतो. कथा किती खरी हा वेगळा प्रश्न. टाचणी किती मोठी असे, हे मात्र त्यातून कळते.

६/ ही पद्धत भारताच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली होती. अफगाणिस्तानात तिलिया टेपे येथे १९७८ मध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकातील थडगी उघडली गेली. त्यांतील सहा दफनांत सोन्याच्या वीस हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या. योद्ध्यांची चित्रे असलेले, जोडीने अडकणारे सोन्याचे आकडे त्यांतच होते. मथुरेजवळच्या माट येथील कनिष्काचा शिरविहीन पुतळाही लांब, जाड कोट आणि बूट घातलेला आहे. थंड गवताळ प्रदेशातून आलेल्यांचा हा पोशाख.

७/ आता कोल्हापूरकडे येऊ. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. याच टेकडीने समुद्रदेव पोसायडनची सुबक रोमन ब्राँझमूर्ती आणि रोमन धाटणीचे ब्राँझचे भांडे दिले. सह्याद्री ओलांडून भूमध्य समुद्राकडचा माल करवीरात येत होता, याचा हा धडधडीत पुरावा.

८/ माल आला, पण पेहरावाची रीत आली नाही. रोमन जगात खांद्यावर फिब्युला लावणे रोजचे होते; तरीही सातवाहन काळातील कार्ले, भाजे, कान्हेरी येथील शिल्पे पाहावीत. दात्यांच्या जोड्या, द्वारपाल, यक्ष यांच्या कमरेला नेसलेले वस्त्र, वर गुंडाळलेला जाड कमरपट्टा, डोक्यावर भरघोस मुंडासे. खांद्यावर टाचणी लावून प्रावरण जोडण्याची पद्धत तेथे रुजलेली दिसत नाही.

९/ हजार वर्षांनी चित्र बदलले काय? शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे. शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात ते आकाराला आले. यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेखही तेथे आहे. या काळातील दख्खनी मूर्तींत कमरेवर मेखला, मांड्यांवर रुळणाऱ्या माळा, दंडावर केयूर, गळ्यात हार अशी दागिन्यांची रेलचेल असते. उत्तरीय मात्र मोकळेच रुळते किंवा गुंडाळलेले असते.

१०/ म्हणजे आपल्या कारागिरांना धातूची अडकवण घडवता येत नव्हती काय? मुळीच नाही. चोळांच्या ब्राँझमूर्तींच्या कमरपट्ट्यावर मध्यभागी सिंहमुखाचा आकडा असतो. कौशल्य होते, हौस होती, सोनेही होते. दक्षिणेत अडकवणीची जागा कमर होती. खांद्याला तिची गरजच पडली नाही.

११/ गरज का पडली नाही, याचे उत्तर कापडात आहे. लोकरीच्या सैल विणीतून टाचणी गेली तरी धागे बाजूला सरतात आणि ती काढल्यावर पुन्हा मिटतात. तलम सुती वस्त्राला मात्र भोक पडते आणि ताण आला की ते फाटते. शिवाय हलके, मऊ सुती कापड खोचले की बसते आणि गाठ मारली की धरते. जाड लोकरीची गाठ मोठी होते आणि सुटते. ज्या देशात जसे कापड, तशी तेथली अडकवण.

१२/ आपल्याकडे लोकर नव्हती असेही नाही. धनगरांची घोंगडी हे दख्खनचे अस्सल प्रावरण. स्थानिक मेंढ्यांची लोकर, खड्डामागावरची वीण आणि चिंचोक्याची खळ यांतून ती तयार होते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत आजही खांद्याखांद्यावर घोंगडी दिसते. पण तिलाही टाचणी नाही. पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घेतात. एरवी घडी करून खांद्यावर टाकतात. तीच पांघरूण, तीच आसन, तीच अंथरूण. एका जागी अडकवून टाकली तर तिचे निम्मे उपयोग संपतील.

१३/ या सगळ्याची साक्ष मराठी भाषा देते. धोतर आणि लुगडे ‘नेसतात’, अंगरखा ‘घालतात’, शेला ‘पांघरतात’, पागोटे ‘बांधतात’, अलंकार ‘लेतात’. निऱ्या, ओचा, कासोटा, कनवट, ओटी, पदर: न शिवलेल्या वस्त्राच्या प्रत्येक घडीला आणि खोचणीला स्वतंत्र नाव आहे. कनवटीला पैसा, पदराला गाठ, ओटीत नारळ. जे लोक वस्त्राला इतकी नावे देतात, ते वस्त्र सावरण्यासाठी धातूवर विसंबून नव्हते, हे उघड आहे.

१४/ शिवलेले कपडे रूढ झाल्यावरही टाचणीऐवजी ‘बंद’ आले. बंद म्हणजे कापडाची अरुंद नाडी. जामा आणि अंगरखा छातीवर एकावर एक पाखा घेऊन बगलेकडे बंदांनी बांधत. बारा बंदांची म्हणून ‘बाराबंदी’ हे नावच पडले. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी आजही पांढरी बाराबंदी घालतात. हा जिवंत पुरावा आहे. त्यासाठी काचेच्या पेटीकडे जाण्याची गरज नाही.

१५/ बंद कोणत्या बाजूला, हेही बोलके होते. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजल सांगतो की ‘तकौचिया’ हा हिंदुस्थानी धाटणीचा अंगरखा पूर्वी डावीकडे बांधत आणि त्याचा घेर चिरलेला असे. अकबराने घेर गोल करवला आणि बंद उजवीकडे आणले. लघुचित्रांचे अभ्यासक सांगतात की, साधारणतः हिंदू डावीकडे आणि मुस्लिम उजवीकडे जामा बांधत. हा संकेत होता, कायदा नव्हे. तरीही चित्रातील व्यक्ती ओळखताना तो उपयोगी पडतो.

१६/ राव्हेन्नाच्या ब्रोचने दर्जा सांगितला, तर दख्खनच्या बंदाने ओळख सांगितली. काम एकच. फरक असा की ब्रोच दुरून डोळ्यांत भरतो आणि बंद जवळ जाऊन पाहावा लागतो. आज पोशाख शिवताना बंदांच्या जागी मागे झिप किंवा वेल्क्रो लावतात आणि पुढे खोटे बंद टाचतात. मग ते कोणत्या बाजूला आहेत, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. इतिहासाची एक ओळ तेथे गळून पडते.

१७/ धातू मग गेला कुठे? एक, कमरेला. जाम्यावरून शेला गुंडाळून कमर कसत आणि त्यात कट्यार खोचत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवळकोंडा शैलीत काढलेली छत्रपती शिवाजी महाराजांची चित्रे युरोपातील संग्रहांत आहेत. त्यांत जामा, कमरेचा कसलेला शेला आणि मस्तकावरील तुरा ठळक दिसतो. ‘कमर कसणे’ हा वाक्प्रचार लढाईच्या तयारीशी जोडला गेला तो याच पोशाखामुळे.

१८/ दोन, आणि मुख्य म्हणजे, मस्तकाला. शिरपेच, कलगी, तुरा हे दख्खनचे खरे ‘ब्रोच’ म्हणावेत. शिरपेच पागोट्यावर पुढे बसवून त्याची दोरी मागे बांधत. तो दरबारातून मिळे, काढून घेतला जाई, वारशाने चाले. युरोपात राजाची कृपा खांद्यावर झळकत असेल, तर येथे ती कपाळावर झळके. धातू तेथेही शोभेचा आणि मानाचा; वस्त्र धरून ठेवण्याचे काम पुन्हा पेचाचे आणि गाठीचेच.

१९/ स्त्रियांच्या पेहरावातही हेच सूत्र. खणाची चोळी पुढे गाठ मारून घालत. नऊवारी निऱ्या, खोचणी आणि कासोट्यावर पेलली जाते. कोल्हापूरच्या गुजरीत मिळणारी ठुशी पाहावी: सोन्याच्या मण्यांचा घट्ट गुंफलेला दागिना, पण गळ्याच्या मापाला तो बसतो मागच्या सरकत्या दोरीच्या गाठीमुळे. सोन्याच्या दागिन्यालाही मराठी हाताने गाठच जोडली. पदराला पिन लावण्याची रीत सहावारी आणि ब्लाउजच्या काळातली.

२०/ मग खांद्यावरचा ब्रोच आपल्या इतिहासपुरुषांना कोणी लावला? कोणा एकाचे नाव घेता येणार नाही. वाट मात्र दिसते. एकोणिसाव्या शतकात पारशी रंगभूमीने शेक्सपिअरच्या नाटकांबरोबर युरोपीय धर्तीचे पडदे आणि पोशाखही आणले. पुढे चित्रपट आला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ मध्ये ‘सिंहगड’ काढला आणि ऐतिहासिक चित्रपटाची परंपरा या शहरात रुजली. नटाला धावायचे असते, घोड्यावर चढायचे असते, तलवार चालवायची असते. शेला घसरला तर दृश्य वाया जाते. पिन ही अशा वेळी पोशाख सांभाळणाऱ्याची सोय असते.

२१/ सोयीत गैर काही नाही. गफलत होते ती सोय पुरावा ठरते तेव्हा. पडद्यावरील पोशाख पाहून भित्तिचित्र काढले जाते, चित्रावरून मूर्ती घडते, मूर्तीवरून भाड्याचे पोशाख शिवले जातात. तीन-चार पायऱ्या उतरल्यावर ‘असेच असायचे’ हा ठाम समज तयार होतो. मूळ लघुचित्र, मूळ शिल्प या साखळीत कुठेच राहत नाही.

२२/ म्हणून पोशाख करणाऱ्या मंडळांसाठी चार साध्या गोष्टी. जाम्याचे बंद खरे ठेवावेत आणि बाजू विचारपूर्वक निवडावी. शेला कमरेला कसावा किंवा दोन्ही खांद्यांवरून मोकळा सोडावा. धातूची हौस पागोट्यावर आणि कमरेला भागवावी. मिरवणुकीत शेला घसरतच असेल, तर सेफ्टी पिन आतून, न दिसेल अशी लावावी. खर्च वाढत नाही. उलट आयत्या ब्रोचचे पैसे वाचतात.

२३/ आता चौथ्या मुद्द्याकडे परत येऊ. ज्या समाजांनी मृतांना पोशाखासह पुरले, त्यांचे ब्रोच जमिनीत टिकले. जिथे दहनाची रीत होती आणि वस्त्र गाठीवर पेलले होते, तिथे पुरातत्त्वाच्या हाती फारसे काही लागत नाही. गाठ सोडली की ती नाहीशी होते. संग्रहालयांच्या दालनांत युरोपचा पेहराव भरगच्च आणि आपला रिकामा वाटतो, तो यामुळे. ती पोकळी उसन्या ब्रोचने भरून काढण्याचे कारण नाही.

२४/ कारण गाठीचा पुरावा अजून हाताशी आहे. खिद्रापूरच्या भिंतींवर आहे, लघुचित्रांत आहे, ‘नेसणे’ आणि ‘पांघरणे’ यांतील फरकात आहे. नऊवारीचा कासोटा न पाहता घालणाऱ्या आज्ज्यांच्या, फेटा बांधणाऱ्यांच्या आणि घोंगडीची खोळ करणाऱ्या मेंढपाळांच्या हातांत आहे. हा पुरावा मात्र त्या माणसांबरोबर संपतो. पुढच्या मिरवणुकीचा पोशाख भाड्याने आणण्यापूर्वी घरातील एखाद्या जाणत्या माणसाकडून एक गाठ शिकून घ्यावी आणि जमल्यास तिचे चित्रीकरण करून ठेवावे.