काडीसारखा देह

आमच्या सौंदडकडे बारीक अंगकाठीच्या माणसाला काटक म्हणतात, आणि त्या एका शब्दात त्याच्या प्रकृतीची सारी चौकशी संपते. माझी आत्या अशीच काटक. पावसाळ्यात दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून धानाची रोवणी करावी, सांजेला डोक्यावर सरपण घेऊन घरी यावे, हा तिचा कैक वर्षांचा क्रम. एका दिवाळीच्या आधी अंगण सारवताना ती घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासले, तो साखर वाढलेली! "जाड्या मानसायचा रोग मायाजवळ काहून आला गा बाबू?" असे तिने मला विचारले. मी पडलो इतिहासाचा मास्तर. उत्तर देता येईना. मग त्या प्रश्नाचाच इतिहास धुंडाळू लागलो.

त्याचे एक टोक पुण्यात सापडले. 1993 साली के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींची पाहणी आरंभिली. त्यांची बाळे इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिकडचे बाळ सरासरी 3.5 किलोचे, आपले 2.7 किलोचे. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे दिसावयास रोड, आतून मेदाळ! 2004 साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात आपले जोडछायाचित्रच छापले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही 22.3, अंगातली चरबी मात्र इंग्रजाच्या 9.1 टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या 21.2 टक्के. पोटातल्या अवयवांभोवती साचणारी असली चरबी इन्शुलिनला दाद देत नाही, रक्तातली साखर व स्निग्धांश वाढविते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना जाच करते. आत्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळाले.

पण हाडाचे काय? मौज अशी की, दोन शक्तींचे क्ष-किरण सोडणारे जे यंत्र हाडांचा भरीवपणा मोजण्यासाठी निघाले, तेच चरबीचाही हिशेब देते. पुण्याच्या त्याच मुलांची हाडे सहाव्या वर्षी त्यावर मोजली. गर्भारपणी दूध, डाळी, पालेभाज्या अधिक वेळा खाल्लेल्या आयांच्या मुलांची हाडे अधिक भरीव निघाली.

हाड म्हणजे देहाचा मुका खांब, असेच आपण धरून चालतो. 2007 साली न्यूयॉर्कच्या डॉ. जेरार्ड कार्सेंटी यांनी या समजाला धक्का दिला. हाड बांधणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचे प्रथिन रक्तात सोडतात. हाडाची बांधणी किती जोरात चालली आहे ते वैद्य त्यावरून अजमावतात. ज्या उंदरांत ते बनेचना, ते लठ्ठ झाले आणि त्यांची साखर वाढली. मधुमेही माणसांतही ते पुष्कळदा कमी आढळते. हाड साखरेवर हुकमत चालविते, असा बोलबाला झाला. आणि 2020 साली दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी तसेच उंदीर नव्याने तयार केले, तर ना त्यांची चरबी वाढली, ना साखर! मला हा दुसरा अंक पहिल्याहून अधिक भावला. वाढलेली साखरच हाडाची बांधणी मंदावते, हे तर दिसून आले आहे. तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा वाद अजून मिटलेला नाही. एवढे मात्र खरे की, मधुमेह्याचे हाड यंत्रावर भरीव दिसूनही लवकर मोडते. देहासारखेच हाडही दिसण्यावर जात नाही.

गेल्या दिवाळीत हे सारे मी आत्याला सांगितले. काठी भिंतीला टेकवून ती ऐकत होती.

"मंग ते उंदीर जाडे झाले का नाही झाले?"

"एकाचे झाले, दोघांचे नाही."

"म्हंजे त्यायलेबी अजून ठावं नाही, म्हन ना!" असे म्हणून तिने अनारशांचे ताट माझ्यापुढे सारले. स्वतः मात्र त्यातला एक तुकडा मोडला, क्षणभर पाहिला, आणि परत ताटात ठेवला.