समोसा कुणाचा, पॅटिस कुणाचं?

इंग्रज ज्याला 'पाय' म्हणतात, तो पुण्यात त्या नावानं फारसं कुणी मागत नाही. आमच्या घरात तर पाय म्हटलं की नानबरोबरचे पायेच आठवतात! पण पिठाच्या पारीत सारण कोंडून खायची हौस या शहराला भरपूर आहे. रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर मोमीनपुऱ्यात किंवा कोंढव्याच्या कौसरबागेत चक्कर मारा. खिम्याचे समोसे कढईतून निघतात न निघतात तोच संपतात.

मागे वर्गात एका मुलानं दुसऱ्याला सुनावलं, "करंजी आमची, समोसा तुमचा." मुलं घरातलं बोलणंच वर्गात आणतात. तेव्हा हे 'तुमचं-आमचं' एकदा तपासून पाहावं असं वाटलं.

समोसा हा शब्द फारसी 'संबोसा'पासून आला. उर्दू शिकणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. 'गुंबद' लिहिताना आपण नून लिहितो आणि वाचताना मीम वाचतो, तसंच इथेही आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं मुहम्मद तुघलकाच्या दस्तरखानावरच्या समोशाचं वर्णन केलं आहे. बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाले घालून शिजवलेला खिमा, पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेला. प्रत्येकासमोर असे चार-पाच. (म्हणजे तेव्हाही एकावर कुणाचं भागत नव्हतं.) याच सुलतानानं १३२७ मध्ये राजधानी आपल्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. दरबारी आले, सूफी आले. त्यांच्यामागे खानसामेही आले असणारच.

या समोशात बटाटा मात्र नाही, कारण तो तेव्हा हिंदुस्थानातच नव्हता. तो अमेरिकेतून निघाला आणि पोर्तुगीजांबरोबर इकडे आला. मराठीतलं 'बटाटा' हे नावही त्यांचंच. म्हणजे ज्या शाकाहारी समोशाला लोक अस्सल देशी समजतात, त्याचं सारण खिम्यापेक्षा नवं आहे. हे सांगितल्यावर वर्गात थोडा वेळ शांतता होती.

पॅटिस आलं दुसऱ्या वाटेनं. १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि पुण्याशेजारी इंग्रजांची छावणी वसली. गोऱ्या पलटणी आल्या तसा त्यांचा पावही आला, भट्ट्याही आल्या. इंग्रजीत 'पॅटी' म्हणजे छोटा पायच. मूळ शब्द फ्रेंच. मैद्याच्या लाटीवर चरबी किंवा डालडा लावून घडी घालायची, लाटायची, पुन्हा घडी घालायची. नुसती भाजली तर ती खारी, आत सारण भरलं तर पॅटिस. आज हे काम करणाऱ्या पुण्याच्या बेकऱ्यांत इराणी आहेत, मुसलमान आहेत, हिंदूही आहेत. गिऱ्हाईक फक्त ते गरम आहे का, एवढंच विचारतं.

आणि हा शब्द बेकरीतही थांबला नाही. खोबऱ्याचं सारण भरून तळलेल्या बटाट्याच्या गोळ्याला पुणेकर 'उपवासाचं पॅटिस' म्हणतात. आमचा रोजा खिमा पॅटिसनं सुटतो आणि शेजारच्या काकूंची एकादशी या पॅटिसवर निभते.