पाडलेला जिना: विज्ञानव्याख्यान सभागृहातून पडद्यावर कसे आले

इसवी सन १८०० च्या सुमारास लंडनमधील आल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या एका इमारतीत एक दगडी जिना बांधला गेला. तो रस्त्यावरून थेट व्याख्यानगृहाच्या वरच्या सज्जात जात असे. थोड्याच वर्षांत तो पाडण्यात आला. विज्ञानाची सार्वजनिक व्याख्याने आणि चर्चा इंटरनेटवर कशा गेल्या, ही हकिकत त्या जिन्यापासून सुरू करणे सोयीचे. आजचा धागा त्याविषयी.

इमारत होती रॉयल इन्स्टिट्यूशनची. संस्था १७९९ मध्ये स्थापन झाली. विज्ञानाचा उपयोग रोजच्या जीवनात व्हावा आणि तो व्याख्यानांतून व प्रयोगांतून लोकांना शिकवावा, हा तिचा घोषित हेतू. इमारतीचे काम पाहणाऱ्या थॉमस वेबस्टर याने त्या हेतूचा शब्दशः अर्थ घेतला. कारागिरांनाही ही व्याख्याने ऐकता यावीत, असे त्याला वाटे. परंतु उमरावांच्या शेजारून, मुख्य दारातून लोहार-सुतार आत येणे त्या समाजाला मानवणारे नव्हते. म्हणून त्याने त्यांच्यासाठी वेगळा जिना काढला. समतेचा हा तत्कालीन लंडनी अवतार म्हणायचा: ऐका, पण दुसऱ्या वाटेने या.

तेवढेही निभावले नाही. फ्रेंच राज्यक्रांतीची धास्ती ताजी होती. खालच्या वर्गाला विज्ञान शिकवणे म्हणजे राजकीय धोका, असा आक्षेप निघाला आणि जिना गेला. वेबस्टरने पुढे आपल्या आठवणींत याची कडवट नोंद केली आहे. वर्गणीदार श्रोते मात्र वाढत गेले. हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांना घोडागाड्यांची इतकी दाटी होई की आल्बेमार्ल स्ट्रीट एकेरी वाहतुकीचा करावा लागला. लंडनमधला असा तो पहिलाच रस्ता, असे सांगितले जाते.

त्याच सज्जात १८१२ च्या वसंतात एक वीस वर्षांचा तरुण घड्याळाच्या वरच्या बाजूस बसून डेव्हीची चार व्याख्याने टिपून घेत होता. तो लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीचा उमेदवार. तिकिटे त्याला दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने दिली होती. नाव मायकेल फॅरडे. टिपणे त्याने स्वच्छ लिहून काढली, आकृत्या घातल्या, स्वतःच बांधणी करून तो ग्रंथ डेव्हीकडे पाठवला आणि १८१३ मध्ये तो प्रयोगशाळेत सहायक झाला. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिच्या आधीचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही, आणि या धाग्याच्या दृष्टीने तोच मोलाचा आहे.

डेव्हीपर्यंत पोहोचण्यापूर्वी, १८१० आणि १८११ मध्ये, फॅरडे डॉर्सेट स्ट्रीटवर जॉन टेटम नावाच्या चांदीकाम करणाऱ्या गृहस्थाच्या घरी विज्ञानाची व्याख्याने ऐकायला जात असे. प्रवेश एक शिलिंग. पैसे देई थोरला भाऊ रॉबर्ट, तोही लोहारच. टेटमने सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी नावाचे एक मंडळ चालवले होते. तेथे सभासद आळीपाळीने व्याख्यान देत, आणि व्याख्यानाइतकाच वेळ चर्चेला मिळे. फॅरडे पुढे तेथे सभासद झाला आणि स्वतः व्याख्याने देऊ लागला. आल्बेमार्ल स्ट्रीटवर त्याने थोर वैज्ञानिकाला ऐकले. डॉर्सेट स्ट्रीटवर तो बोलायला शिकला. विज्ञानाच्या सार्वजनिक व्यवहाराचे हे दोन घटक, ऐकणे आणि विचारणे, पुढच्या दोनशे वर्षांत प्रत्येक नव्या माध्यमात एकमेकांपासून सुटे होताना दिसतात.

१८२० च्या दशकात फॅरडेने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारची सायंव्याख्याने आणि मुलांसाठी नाताळातील व्याख्याने सुरू केली. बोलण्याची कला त्याने अभ्यासाने मिळवली होती. आपण घाईने बोलू लागलो तर समोर ‘सावकाश’ आणि तास संपला की ‘वेळ’ अशी पाटी धरण्याची व्यवस्था त्याने करून ठेवली होती. श्रोत्यांचे चेहरे वाचणे त्याला इतके महत्त्वाचे वाटे की चेहऱ्यांवर विसंबूनही भागणार नाही, हे तो ओळखून होता.

याच काळात मुंबईत दाराचा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी त्यातले एक. निबंध वाचायचे, त्यावर वाद करायचा, असा क्रम. परंतु कारभार इंग्रजीत. शहरातील बहुसंख्यांना तो दरवाजा बंदच होता. त्याच वर्षी मराठी आणि गुजराती भाषकांसाठी ज्ञानप्रसारक सभा निघाल्या आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघू लागले. येथे जिना दगडाचा नव्हता, भाषेचा होता. आणि तो पाडला गेला नाही, बांधला गेला. पुढे १८७५ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला उभी राहिली, तर १८७६ मध्ये कोलकात्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनचा आदर्श समोर ठेवून ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ स्थापन केली. तरुण चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये जिच्या दारात पोहोचले, ती हीच संस्था.

विसाव्या शतकाने ऐकणाऱ्यांची संख्या अफाट वाढवली. बीबीसीने १९३६ मध्ये नाताळ व्याख्याने दूरचित्रवाणीवर दाखवली आणि १९६६ पासून ती दरवर्षी घरोघरी दिसू लागली. लक्षावधी लोकांना सज्जात जागा मिळाली. पण दूरचित्रवाणीच्या संचाला प्रश्न विचारता येत नाही.

भारतात या अडचणीवर एक अतिशय साधा उपाय जयंत नारळीकर यांनी काढला होता. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते वही परत देत आणि सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर स्वाक्षरीसह येईल. उत्तरे खरोखर जात. व्याख्यानानंतरच्या गर्दीत ज्या मुलाला तोंड उघडता येत नाही, त्याला घरी बसून विचार करायला आठवडाभर मिळे. प्रश्न ताबडतोबच विचारला पाहिजे, हा आग्रह त्यात नव्हता.

युरोपात दुसरी वाट निघाली. १९९२ मध्ये पॅरिसच्या बास्तीय चौकातील एका कॅफेत मार्क सोते या तत्त्वज्ञाने खुल्या चर्चा सुरू केल्या. त्यांच्या निधनाची बातमी वाचून डंकन डॅलस या दूरचित्रवाणी निर्मात्याला कल्पना सुचली आणि १९९८ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे पहिला ‘कॅफे सायंटिफिक’ भरला. आयुष्य दूरचित्रवाणीत घालवलेल्या माणसाने पडद्याविना कार्यक्रम काढावा, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. स्वरूप असे: वैज्ञानिकाने वीसेक मिनिटे बोलायचे, शक्यतो चित्रफितींशिवाय. मग विश्रांती, पेले पुन्हा भरून घ्यायचे. त्यानंतर तासभर चर्चा. सगळी किमया त्या विश्रांतीत होती. ‘हे मला एकट्यालाच कळले नाही का?’ असे शेजारच्याला हळूच विचारण्याची ती वेळ. दोघांनाही कळले नसेल, तर प्रश्नाला धीर येतो.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ मध्ये ‘चाय अँड व्हाय?’ सुरू केले, ते याच जातकुळीतले. रविवारची सकाळ, जुहूचे पृथ्वी थिएटर किंवा माटुंग्याचे रुपारेल महाविद्यालय, हातात चहा, प्रवेश विनामूल्य. आजोबा, नात आणि संशोधक एकाच रांगेत.

मग मार्च २०२० आला. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागली. एकत्र जमणे हाच ज्यांचा प्राण होता ते कार्यक्रम रातोरात अशक्य झाले, आणि नेमक्या त्याच वेळी विषाणू म्हणजे काय, लस कशी बनते, या प्रश्नांची भूक कधी नव्हती एवढी वाढली. ‘चाय अँड व्हाय?’ पडद्यावर गेले. बंगळुरूचे ‘कापी विथ क्युरिऑसिटी’ गेले. रॉयल इन्स्टिट्यूशनचे शतकानुशतके गजबजलेले व्याख्यानगृह बंद झाले आणि वक्ते आपापल्या घरातून बोलू लागले.

झूमवर डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला सुमारे १ कोटी सहभाग नोंदले जात. एप्रिल २०२० मध्ये तो आकडा ३० कोटींवर गेला. कंपनीने आधी यांना ‘वापरकर्ते’ म्हटले आणि नंतर दुरुस्ती केली, कारण दिवसातून पाच बैठकांना बसलेला एकच माणूस पाच वेळा मोजला जात होता. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी असे आकडे वापरताना ही दुरुस्ती विसरू नये.

आयोजकांसमोर आता दोन मार्ग होते. पहिला, झूमसारखी खोली: चेहरे दिसतात, आवाज ऐकू येतो, प्रश्न विचारता येतो. दुवा सर्वांना उघड दिला तर मात्र कोणीही घुसतो. त्या वसंतात अनोळखी लोकांनी सभांत शिरून अश्लील चित्रे दाखवण्याचे प्रकार इतके वाढले की एप्रिल २०२० मध्ये झूमने परवलीचा शब्द आणि प्रतीक्षाकक्ष ही व्यवस्था मुळातच चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. दाराशी पुन्हा द्वारपाल आला. दुसरा मार्ग यूट्यूबचा: दार सताड उघडे, नोंदणी नको, कितीही लोक या. पण श्रोत्याला आवाज नाही. बाजूच्या चौकटीत टाइप करा, काही सेकंदांनी ते वक्त्यापर्यंत पोहोचेल, सूत्रधाराने निवडले तर.

बहुतेकांनी दोन्ही एकत्र केले. आत थोडे निमंत्रित, बाहेर थेट प्रक्षेपण. वेबस्टरच्या आराखड्याशी हे किती जुळते! तळमजल्यावर बोलणारे, वर सज्जात ऐकणारे, आणि सज्जाला रस्त्यावरून स्वतंत्र जिना.

जिना खरोखर उभा राहिला, हे नाकारून चालणार नाही. बुलढाण्याच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थिनीला जुहूची रविवार सकाळ एरवी कधी मिळाली असती? २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यामुळेच हे शक्य झाले. परंतु पायऱ्या सर्वांच्या दारापर्यंत येत नव्हत्या. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीनुसार इंटरनेटची सोय शहरी कुटुंबांपैकी सुमारे ४२ टक्क्यांकडे होती, ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्क्यांकडे. घरात एकच फोन असेल, तर तो प्रथम कोणाच्या हातात जातो, हा पुढचा प्रश्न.

चर्चेचे काय झाले? लाजऱ्या माणसाला काही अंशी फायदा झाला. उभे राहून, माइक धरून, शंभर मानांकडे पाहत विचारण्यापेक्षा दोन ओळी टाइप करणे सोपे. नारळीकरांच्या पोस्टकार्डाचा गुण त्यात थोडासा उतरला. गेली ती विश्रांती. वक्त्याचे शेवटचे वाक्य संपते आणि पुढच्याच क्षणी ‘काही प्रश्न?’ असा पुकारा होतो. शेजारी कोणी नसतो, ज्याला हळूच विचारावे. वक्त्याला समोर दिसतात काळे चौकोन आणि त्यांवरची नावे. ‘सावकाश’ ही पाटी आता कोणी धरायची? एका प्रश्नाला लागून दुसरा श्रोता तिसरेच काही बोलतो आणि चर्चा वक्त्याच्या हातून सुटते, हे कॅफेतील सर्वांत मोठे सुख पडद्यावर क्वचितच साधले. तेथे प्रश्न एकेक करून वर जातात, उत्तरे एकेक करून खाली येतात, आणि श्रोते एकमेकांशी बोलतच नाहीत.

सभागृहे पुन्हा उघडल्यावर पुष्कळ ठिकाणी कॅमेरा तसाच राहिला. समोर माणसे, बाजूला प्रक्षेपण. अशा सभांत प्रश्नोत्तरांची वेळ आली की आधी सभागृहातले हात वर होतात आणि माइक रांगांतून फिरू लागतो. पडद्यापलीकडून आलेले प्रश्न एका स्वयंसेवकाच्या फोनवर जमलेले असतात. शेवटची पाच मिनिटे उरली, तर त्यांतला एखादा वाचला जातो, बहुधा विचारणाऱ्याच्या नावाशिवाय.